नोंद नाही, तर वृद्धाश्रम नाही!

महाराष्ट्रातल्या असंख्य वृद्धाश्रमांत रोज सकाळी नाश्त्यानंतर जे चालते, त्याला औषध देणे म्हणायला आम्ही तयार नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये वाट्या मांडलेल्या असतात. वाटीत पाकिटातून आदल्या रात्रीच सोडवून ठेवलेल्या गोळ्या असतात. दोन पांढऱ्या, एक गुलाबी, एक अर्धी तोडलेली. वाटीवर चिकटपट्टी असलीच तर तिच्यावर खाटेचा क्रमांक असतो, माणसाचे नाव नसते. आणि खाटा तर बदलत राहतात. तो ट्रे घेऊन फिरणारी मावशी रात्रपाळी संपवून दिवसपाळीला उभी असते. वीस-पंचवीस माणसांच्या आंघोळी, डायपर, चहा-नाश्ता उरकून ती आलेली असते, आणि देवळात प्रसाद वाटावा तशी हातावर गोळ्या ठेवत ती पुढे जाते. कोणी गिळली, कोणी गालात धरून ठेवली, कोणी उशीखाली सारली, कोणाची कोणाला गेली, हे पाहायला तिला सवड नसते आणि लिहायला तिच्याजवळ कागद नसतो. संध्याकाळी कोणी विचारले की सकाळी रक्तदाबाची गोळी दिली होती का, तर उत्तर येते: ‘दिली असेल.’

याला चूक म्हणू नका. चूक एखाद्या दिवशी होते, झाल्यावर माणूस दचकतो, दुसऱ्या दिवशी सावध होतो. इथे दिवसातून तीन वेळा, वर्षाचे सगळे दिवस हा कारभार बिनबोभाट चालतो आणि तो तसाच चालावा अशी तजवीज करून ठेवलेली आहे. म्हणून आम्ही त्याला गुन्हा म्हणतो. या गुन्ह्यात ट्रे फिरवणारी मावशी आरोपी नाही, हेही इथेच बजावून ठेवतो. आरोपी आहे तिच्या हातात तो ट्रे देणारा संचालक. त्याने डिपॉझिट मोजून घेतले, महिन्याची फी आगाऊ घेतली, माहितीपत्रकावर ‘चोवीस तास वैद्यकीय देखरेख’ असे छापले आणि ब्युरोकडून आलेल्या, औषधाचे कोणतेही शिक्षण न मिळालेल्या बाईवर पंचवीस जिवांचा भार टाकून तो मोकळा झाला. आरोपी आहे ते सरकार, ज्याने या घरांकडे वर्षानुवर्षे पाठ फिरवली. आरोपी आहेत ते डॉक्टर, जे फोनवरून डोस बदलतात. आणि आईबापांना तिथे ठेवून, महिन्याचे पैसे पाठवून, ‘त्यांना गोळ्या कोण देते?’ हा साधा प्रश्न ज्यांनी कधी विचारला नाही, ती मुलेही या कठड्यात उभी आहेत.

‘गोळ्या तर द्यायच्या, त्यात काय एवढे?’ असे ज्यांना वाटते, त्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल, १०० साठीच्या सिरिंजचे नारिंगी. शंभरचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये, तिच्याच खुणा पाहून ओढले तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. वीस युनिटच्या जागी पन्नास! ज्या म्हातारीच्या पोटात अर्धी पोळीही धड जात नाही, तिच्या दंडात हे पन्नास युनिट शिरतात. घाम फुटतो, बोलणे तुटक होते, मग शुद्ध हरपते. खोलीत डोकावणारा म्हणतो की आज आजींना गाढ झोप लागली आहे, आणि दार ओढून घेतो. ज्या घरात ही दोन टोपणे ओळखणारे एकही माणूस नाही, त्या घराला मधुमेही माणूस ठेवून घेण्याचा काय अधिकार?

संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज दिली तर तोंड आतून सोलून निघते, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबते आणि माणूस दगावतो. या एकाच चुकीने जगभर माणसे मेली आहेत. म्हणून तिच्या चिठ्ठीवर वार लिहायचा असतो, ठळक, शब्दांत. वाट्यांच्या ट्रेला वार कळत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरची अलेंड्रोनेट आठवड्यातून एकदा, रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचे असते. ती अंथरुणात आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात चहाच्या घोटाबरोबर ढकलली तर अन्ननलिका जळते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. सगळ्या एकाच वाटीत घालून एकाच घोटात दिल्या तर थायरॉइडची गोळी पुरती लागूच पडत नाही. आजी दिवसेंदिवस सुस्त होत जातात, आणि आजूबाजूचे म्हणतात की वयच झाले.

आणि आपल्या घरातली, आपल्या पंचांगातली गोष्ट घ्या. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाशी बांधलेली असते. एकादशी आली, चतुर्थी आली, श्रावणी सोमवार आला, नवरात्र बसले, की अंगात त्राण नसतानाही कडकडीत उपास धरणाऱ्या आजी प्रत्येक वृद्धाश्रमात असतात. त्या दिवशी त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नसते, पण गोळी मात्र नेहमीची, नेहमीच्या वेळी, न चुकता. कोणाचा उपास आहे हे स्वयंपाकघराला ठाऊक असते, कारण साबुदाणा भिजवायचा असतो. औषध देणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. एवढा एक निरोप स्वयंपाकघरातून औषधाच्या कपाटापर्यंत पोचवता येत नाही, आणि त्यापायी माणसे बेशुद्ध पडतात, याची लाज कोणाला वाटणार आहे की नाही?

पार्किन्सनच्या रोग्याला लेव्होडोपा घड्याळ लावून द्यावी लागते. तास-दीड तास उशीर झाला की पाय जमिनीला खिळतात, हातातला घास तोंडापर्यंत जात नाही, थुंकीही गिळता येत नाही. नाश्त्याला उशीर झाला म्हणून ट्रे उशिरा निघाला, आणि त्या माणसाची अख्खी सकाळ गेली. वर ‘आजोबा आज हट्टाला पेटले आहेत’ हा शेरा. मळमळते म्हणून त्याला मेटोक्लोप्रमाइड दिली, चिडचिड करतो म्हणून हॅलोपेरिडॉल दिली, की त्याचा आजार आणखी बळावतो. हे कोणाला माहीत असायला हवे? त्या घरात किमान एका माणसाला तरी!

गिळता येत नाही म्हणून गोळ्या खलबत्त्यात कुटून वरणभातात कालवण्याचा प्रकार तर घरोघरच्या सवयीतून सरळ वृद्धाश्रमात आला आहे. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर अशी अक्षरे आहेत, ती दिवसभर थोडी थोडी विरघळावी म्हणून तशी घडवलेली असते. ती कुटली की चोवीस तासांची मात्रा एकदम रक्तात उतरते. रक्तदाब धाडकन खाली येतो आणि माणूस बाथरूममध्ये कोसळतो. काही गोळ्यांवरचे आवरण जठराला इजा होऊ नये म्हणून असते. तेही कुटण्यात जाते. कुटण्यापूर्वी डॉक्टरला विचारायचे, पातळ औषध मिळते का ते पाहायचे, हा साधा नियम आहे. शिवाय त्या भातात काय कालवले आहे हे खाणाऱ्याला सांगितलेले नसते. शुद्धीवर असलेल्या, आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेल्या माणसाला फसवून औषध चारणे ही सेवा नव्हे. त्याला ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे. तो ‘नको’ म्हणाला, हे लिहून ठेवणे आणि डॉक्टरला कळवणे, एवढेच तुमचे काम आहे.

मध्यरात्री छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायची गोळी कुठे असते? ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली? व्यवस्थापकाकडे. व्यवस्थापक? घरी. ही व्यवस्था ज्याने केली त्याच्यावर फौजदारी का होऊ नये?

औषधे ठेवण्याविषयी तर विचारूच नका. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते आणि चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी जातो. वीज गेली तर काय, याचे उत्तर किती घरांजवळ आहे? कोकणात पावसाळ्यात पाकिटातून काढून ठेवलेली गोळी दोन दिवसांत ओल धरते. केमिस्ट पाकीट कात्रीने कापून चार-चार गोळ्या देतो. मुदतीची तारीख आणि औषधाचे नाव बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावरच राहून जाते. वृद्धाश्रमात त्या तुकड्याचे पुन्हा एकेक चौकोन कापले जातात, आणि नजर अधू झालेली म्हातारी माणसे धारदार कडांच्या त्या चौकोनासकट गोळी गिळतात. जगभरचे डॉक्टर या अपघाताविषयी सांगून थकले. आमच्याकडे कात्री अजून चालूच आहे.

आता ज्या प्रकाराविषयी आमचा संताप आवरत नाही त्याकडे वळतो. स्मृतिभ्रंश झालेली आजी रात्री उठून दार वाजवते, ‘मला घरी जायचे आहे’ म्हणून ओरडते. तिला शौचाला लागलेली असेल, तिचे काहीतरी दुखत असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल, किंवा ती केवळ घाबरलेली असेल. तिच्यापाशी बसायला माणूस हवा. माणूस ठेवायला पैसे लागतात. गोळी स्वस्त पडते. मग तिला झोपेची, नाहीतर मनोविकारावरची गोळी सुरू होते आणि ती ‘शांत’ होते. दिवसभर मान टाकून खुर्चीत बसते, घास तोंडात तसाच राहतो, अन्न श्वासनलिकेत जाते, न्यूमोनिया होतो. किंवा गुंगीत उठायला जाते, पडते, खुब्याचे हाड मोडते आणि पुन्हा कधी उभी राहत नाही. बाईला दोराने बांधले तर शेजारपाजारचे धावून येतील. गोळीने बांधले तर भेटीला आलेले नातेवाईकच म्हणतात, ‘बरं झालं, आता त्रास देत नाही.’

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली नव्या पिढीच्या मनोविकारविरोधी औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत ही औषधे मृत्यूचा धोका वाढवतात. २००८ मध्ये तो इशारा जुन्या औषधांनाही लावला गेला. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रोफेसर सुबे बॅनर्जी यांनी सरकारला अहवाल दिला. स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रोग्यांना तिथे ही औषधे दिली जात होती आणि त्यांपायी दर वर्षी अंदाजे १,८०० जादा मृत्यू होत होते. त्या देशाने आपली लाज चारचौघांत मांडली, मोजली आणि औषधे कमी करायला घेतली. आमच्याकडे हे मोजायचे कोणी? अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही औषधे ‘एच-१’ परिशिष्टातली आहेत. केमिस्टने रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव, दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. दुकानाला नियम आहे. दुकानातून ती गोळी वृद्धाश्रमाच्या उंबऱ्याच्या आत गेली की ती कोणाच्या तोंडात गेली, कोणाच्या हुकमावरून गेली, हे विचारायला कोणी येत नाही. कर्मचारी कमी आहेत म्हणून म्हाताऱ्या माणसाला गुंगीत ठेवणे ही मारहाण आहे. हात न उगारता केलेली मारहाण, पण मारहाणच.

यात डॉक्टरांचा वाटाही थोडा नाही. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली, सुजेवर लघवी होण्याची गोळी दिली, तिने रक्तातले सोडियम उतरले, सोडियम उतरल्याने आजोबा बरळू लागले, बरळण्यावर झोपेची गोळी दिली. पहिल्या गोळीचा दोष दुसऱ्या गोळीने झाकत जाण्याचा हा खेळ वृद्धाश्रमात बारमाही चालतो, कारण सगळ्या गोळ्या एकत्र टेबलावर ठेवून ‘यातली कोणती बंद करता येईल?’ असे कोणी विचारतच नाही. हृदयाचा डॉक्टर वेगळा, किडनीचा वेगळा, मेंदूचा वेगळा. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि प्रत्येक चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’. हॉस्पिटलातून परतण्याचा दिवस सर्वांत घातक. डिस्चार्ज कार्डावर त्याच औषधाचे दुसऱ्या कंपनीचे नाव असते. कपाटातले जुने पाकीट कोणी काढून टाकत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून एकच औषध दोन नावांनी दुप्पट जाऊ लागते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच नियम केला की औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे. किती चिठ्ठ्या तशा लिहिल्या जातात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. न वाचता येणारी चिठ्ठी लिहून ती इंग्रजी न येणाऱ्या बाईच्या हातात पडणार हे माहीत असताना ज्याची लेखणी थबकत नाही, त्याने स्वतःच्या पदवीकडे एकदा पाहावे.

कायद्याचे काय? २००७ साली संसदेने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम उभारण्याचे काम राज्यावर सोपवले. वृद्धाश्रमांत वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने कोणत्या दर्जाची असावीत हे ठरवण्याचा अधिकारही राज्याला दिला. वैद्यकीय सेवा आणि करमणूक, दोन्ही एकाच वाक्यात, एकाच मापाने! खासगी वृद्धाश्रमाला नोंदणीची सक्ती करणारे एकही कलम त्या कायद्यात नाही. औषध कोणी द्यावे, कसे द्यावे, कुठे लिहावे, याविषयी त्यात अक्षर नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ही उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले; वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि पुढे काहीही झाले नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते विधेयकही आपोआप संपले. साडेचार वर्षे! या साडेचार वर्षांत करोनाची साथ येऊन गेली, वृद्धाश्रमांची दारे महिनोन्‌महिने बाहेरच्यांना बंद राहिली, आत काय चालले आहे हे कोणी पाहू शकत नव्हते. तेव्हाही खासदारांना हे विधेयक मंजूर करावेसे वाटले नाही.

दिल्लीकडे बोट दाखवून मंत्रालयाने हात झटकू नयेत. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. आणि कायदा नवा करायलाच हवा असेही नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा याच राज्यात लागू आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा त्या कायद्याच्या व्याख्येत बसते. ज्या घरात नाकात नळी घातलेले, लघवीची पिशवी लावलेले, दिवसाला चार इन्सुलिन घेणारे आणि ऑक्सिजनवर असलेले रोगी ठेवले जातात आणि त्यासाठी वेगळे पैसे आकारले जातात, ते घर त्या व्याख्येबाहेर कसे? महापालिकेचा आरोग्य अधिकारी उद्या सकाळी अशा घराचे दार ठोठावू शकतो. तो ठोठावत नाही, कारण त्याला तसे कोणी सांगितलेले नाही, आणि आतल्या माणसांपैकी कोणी मोर्चा घेऊन त्याच्या दारात येणार नाही.

यावर सर्वांत मोठे पांघरूण घालतो तो मृत्यूचा दाखला. ऐंशीच्या पुढचा माणूस गेला की त्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ किंवा ‘वार्धक्याने’ असे लिहून मोकळे होतात. हृदयक्रिया तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते; ती का बंद पडली, हे दाखल्यात लिहायचे असते. साखर शेवटची कधी तपासली होती? शेवटचे इन्सुलिन किती वाजता, किती युनिट दिले? आदल्या आठवड्यात कोणती गोळी नव्याने सुरू झाली? हे विचारायचे तर कागद हवा, आणि कागद नसतो. म्हणून शवविच्छेदन नाही, पोलिसांत नोंद नाही, चौकशी नाही. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण पुरावाच कधी तयार होऊ दिला जात नसेल तर ते कलम चालवायचे कोणावर? आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो: वृद्धाश्रमात औषधांची नोंद नसण्यामागे आळस आहेच, पण त्या आळसाचा फायदा नेमका कोणाला होतो हेही सर्वांना कळते.

नोंदी ठेवूनही चुका होतात, हा युक्तिवाद आमच्यापुढे येईल. होतात! इंग्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांची औषधे तज्ज्ञांनी बारकाईने तपासली. दर माणसामागे सरासरी आठ औषधे आणि दहापैकी सातजणांच्या बाबतीत किमान एक चूक. जिथे तपासनीस येतात, छापील तक्ते असतात, औषध देणाऱ्याला शिकवलेले असते, तिथली ही स्थिती. मग जिथे यातले काहीच नाही तिथे काय होत असेल? त्या देशाने हे आकडे दडवले नाहीत. २०१४ मध्ये तिथे केअर होममधल्या औषधांविषयी सविस्तर मार्गदर्शिका निघाली. तिच्यातली एक गोष्ट आमच्या संचालकांनी मुद्दाम वाचावी: रहिवासी स्वतःची औषधे स्वतः घेऊ शकतो असेच धरून चालायचे, आणि तो घेऊ शकत नाही हे तपासाअंती ठरले तरच ती आपल्या हाती घ्यायची. आमच्याकडे दाखल होण्याच्या दिवशीच धडधाकट, निवृत्त शिक्षिकेच्या हातातूनही गोळ्यांचा डबा काढून घेतला जातो. ज्या बाईने तीस वर्षे मुलांचे पेपर तपासले, तिला स्वतःची रक्तदाबाची गोळी ओळखता येत नाही असे कोणी ठरवले?

आणि आता परदेशातल्या आमच्या मराठी मुलांसाठी. तुम्ही न्यू जर्सीत आहात, टेक्सासमध्ये आहात. तुम्ही जिथे राहता तिथे नर्सिंग होममधल्या माणसाला शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने गुंगवून ठेवायला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे दर महिन्याला फार्मासिस्ट प्रत्येक रहिवाशाची सगळी औषधे तपासतो. तुमच्या शेजारच्या अमेरिकन म्हातारीला जे संरक्षण आहे, ते पुण्यात कोथरूडला किंवा तळेगावला ठेवलेल्या तुमच्या आईला नाही. तुम्ही रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का?’ विचारता. ‘औषधाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरा’ असे व्यवस्थापकाला एकदा तरी सांगितलेत का? फी तुम्ही भरता, तर मागण्याचा अधिकारही तुमचाच आहे.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक रहिवाशासाठी एक छापील तक्ता. वर त्याचा फोटो, नाव, वय, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल अक्षरांत. खाली प्रत्येक औषधाचे मूळ नाव मराठीत, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, कोणत्या वारी. माणसाने गोळी गिळल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच देणाऱ्याची सही. आधी नाही, दिवसअखेरीला एकदम तर मुळीच नाही. गोळी पाकिटातून त्या माणसासमोरच काढायची. इन्सुलिन दोघांनी तपासून द्यायचे. जो औषध देतो त्याने शिकून परीक्षा दिलेली असावी, आणि औषध देत असताना त्याला दुसरे काम सांगू नये. झोपेच्या आणि मनोविकाराच्या गोळ्यांचे वेगळे रजिस्टर, प्रत्येक गोळीमागे डॉक्टरची लेखी चिठ्ठी आणि ती कधी बंद करणार याची तारीख. आणि महिन्यातून एकदा फार्मासिस्ट येऊन सगळे तक्ते पाहील. फार्मासिस्ट कुठून आणायचे असे विचारू नका. या राज्यात फार्मसीची शेकडो महाविद्यालये आहेत. २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे आणि तो मुळी रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहून औषधे तपासण्यासाठीच शिकवला जातो. ती मुले नोकऱ्या शोधत फिरत आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला आसपासचे वृद्धाश्रम नेमून द्या. विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि म्हाताऱ्यांचे जीव वाचतील.

‘आम्ही सेवाभावाने चालवतो, एवढा खर्च परवडत नाही,’ असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर ऐकून घ्यावे लागेल. ज्या संस्था खरोखर सेवाभावाने चालतात, त्यांच्यापैकी कित्येक वर्षानुवर्षे साध्या वहीत रेघा मारून ही नोंद ठेवत आल्या आहेत. त्यांना आमचा नमस्कार. त्यांनी सिद्ध केले आहे की याला लागते ती वही, पेन आणि पर्वा. ज्याला हे परवडत नाही त्याला माणसे सांभाळणे परवडत नाही. त्याने दुसरा धंदा पाहावा.

आणखी एक गोष्ट. जी मावशी समोर येऊन सांगेल की ‘माझ्या हातून आज चुकीची गोळी गेली’, तिला त्याच दिवशी कामावरून काढणारा संचालक पुढच्या चुकांवर स्वतः पांघरूण घालतो. अशी कबुली मिळताच डॉक्टरला फोन, कुटुंबाला फोन, चुकीची नोंद आणि त्या बाईला संरक्षण, असा नियम हवा. तिला दिवसाचे सोळा तास उभे करणाऱ्याला दंड करा, तिला नको. तिच्या हातून चूक घडते ती बहुधा चौदाव्या तासाला.

वाचकहो, तुमचे कोणी वृद्धाश्रमात असेल तर या रविवारी फळे घेऊन जाल तेव्हा औषधांचा तक्ताही मागा. डॉक्टरच्या चिठ्ठ्या त्याच्याशी ताडून पाहा. आई किंवा वडील दिवसा गुंगीत असतील तर कोणती गोळी, कोणी, कधीपासून, हे लेखी विचारा. तक्ता नसेल तर ‘तक्ता नाही’ असे व्यवस्थापकाच्या सहीनिशी लिहून घ्या. त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. तिथे तक्रार नोंदवा. आणि तुमच्या आमदाराला गाठून विचारा की येत्या अधिवेशनात वृद्धाश्रमांतल्या औषधांचा प्रश्न तो सभागृहात मांडणार आहे की नाही. उत्तर हो किंवा नाही, एवढ्यातच घ्या.